रविवारचा पास्ता, व्हाया भिवापूर

आठवड्याचे वार सात, हे आपण बालवाडीत शिकलो. होस्टेलवर आल्यावर मात्र कळतं की वार साडेसहाच असतात. कारण रविवारी दुपारी मेसमध्ये 'फीस्ट' होते, मेसवाले काका कुलूप लावून निघून जातात, आणि संध्याकाळ नावाची गोष्ट विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केली जाते. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो मोबाइलवर बोट दाबतो आणि अर्ध्या तासात गेटवर डबा येतो. ज्याच्या खिशात कमी आहेत तो चौकातल्या ठेल्यावर जातो. ज्याच्याकडे त्याहून कमी आहेत तो बिस्किटाचा पुडा फोडतो. आणि चौथ्या प्रकारचा प्राणी म्हणतो, "मला आज भूकच नाही यार."

हा लेख त्या चौथ्या प्राण्याबद्दल आहे. पण त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता पास्त्यातून जातो, म्हणून आधी पास्ता!

मी स्वतः डे-स्कॉलर. राहायला हुडकेश्वरला. नागपूरच्या मुलांना सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो: मानेवाड्याच्या पुढे सरळ जात राहा, घरं संपली असं वाटलं की अजून थोडं जा. २०१३ साली हुडकेश्वर आणि नरसाळा महापालिकेत आले, त्याआधी आमची ग्रामपंचायत होती. त्यामुळे आमच्याकडे शहर आणि खेडं दोन्ही एकाच गल्लीत सापडतं. एका प्लॉटवर तीन मजली घर, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर म्हशी. होस्टेलच्या मित्रांना मात्र हुडकेश्वरचं एकच आकर्षण आहे, ते म्हणजे आमचं स्वयंपाकघर.

दुसऱ्या वर्षी जर्नल पूर्ण करायच्या निमित्ताने (म्हणजे माझं जर्नल उतरवायच्या निमित्ताने) चौघं जण एका रविवारी घरी आले. आई-बाबा लग्नाला गेलेले, घरी मी आणि आजी. पाच पोट्ट्यांसाठी पोळ्या लाटणं आजीच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, आणि मी लाटलेली पोळी भारताच्या नकाशासारखीही येत नाही, श्रीलंकेसारखी येते. कपाटात पास्त्याचा अर्धा किलोचा पुडा होता. झालं!

आता कृती सांगतो. इंजिनिअरिंगची मुलं असल्याने 'कसं'च्या आधी 'का' सांगणं भाग आहे, नाहीतर व्हायवात अडकाल.

पाच जणांना अर्धा किलो कोरडा पास्ता पुरतो. माणशी शंभर ग्रॅम. मोठ्या गंजात चार-पाच लिटर पाणी, त्यात चार-पाच चमचे मीठ. आमच्यातला मेकॅनिकलचा विद्वान म्हणाला, "मीठ टाकलं की उत्कलनबिंदू वाढतो, म्हणून टाकतात." हिशेब केला. लिटरला दहा ग्रॅम मिठाने उत्कलनबिंदू पाव अंशसुद्धा वाढत नाही. उलट नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर असल्याने आपलं पाणी तसंही ९९ अंशांच्या आसपासच उकळतं. मीठ टाकायचं ते चवीसाठी. पास्ता फुगताना ते पाणी आत घेतो, आणि नंतर वरून कितीही मीठ भुरभुरवलं तरी आतून तो अळणीच राहतो. दुसरा गैरसमज: पाण्यात तेल टाकलं की पास्ता चिकटत नाही. तेल बिचारं वर तरंगत राहतं. चिकटू नये म्हणून पाणी भरपूर हवं, आणि पहिली दोन मिनिटं पळी फिरवायला एक मित्र हवा.

पुड्यावर 'ड्यूरम गव्हाचा रवा' असं लिहिलंय का ते बघून घ्या. स्वस्तातला मैद्याचा पास्ता दोन मिनिटं जास्त शिजला की त्याची खळ होते, पोस्टर चिकटवायला बरी. ड्यूरम म्हणजे कडक, पिवळसर गहू. पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रं, ड्यूरममध्ये २८. हे वाचून तो परदेशी वाटेल, पण विदर्भात वर्षानुवर्षं शेवया-रव्यासाठी घेतात तो बन्सी गहू ड्यूरमच. हे मी आजीला मोठ्या ऐटीत सांगायला गेलो, तर तिने शिजलेली एक नळी चिमटीत धरली, भोकातून आरपार पाहिलं आणि निकाल दिला: "हे तं सरगुंडेच होत रे!"

ज्यांना सरगुंडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी: उन्हाळ्यात घट्ट मळलेल्या कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळत न्यायची, अलगद काढून वाळवायची, की पोकळ नळ्या तयार होतात. पाहुणे आले की शिजवायच्या आणि आंब्याच्या रसासोबत वाढायच्या. इटलीत जे यंत्राच्या साच्यातून दाबून काढतात, ते आमच्या आज्या गवताच्या काडीवर करत होत्या. फरक इतकाच की त्यांनी त्याला पेने, रिगातोनी अशी नावं देऊन पुड्यात भरलं, आणि आपण सरगुंडे करणाऱ्या हातांचे गुडघेदुखीचे किस्से करून बसलो. आजीने गेल्या कित्येक उन्हाळ्यांत सरगुंडे केले नाहीत. बोटं वळत नाहीत म्हणते. असो.

पास्ता नऊ-दहा मिनिटांत शिजतो. एक तुकडा तोडून बघायचा, मधला पांढरा ठिपका जेमतेम दिसत असताना गॅस बंद. चाळणीत ओतण्याआधी एक काम करायचंच: ते गढूळ पाणी दोन पळ्या वाटीत काढून ठेवायचं. का, ते पुढे सांगतो.

पाणी उकळेपर्यंत दुसऱ्या शेगडीवर मसाला. तेल, ठेचलेला लसूण (दहा-बारा पाकळ्या, लाजू नका), कांदा, मग चार-पाच टमाटे मीठ घालून मऊ होईपर्यंत. असली तर सिमला मिरची. आणि मग तिखट! इटलीत रोमच्या बाजूला टमाटे-लसूण-मिरचीचा पास्ता करतात, त्याला 'अराब्याता' म्हणतात, म्हणजे रागावलेला. गंमत म्हणजे मिरची आणि टमाटा दोन्ही अमेरिका खंडातून आलेले. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला नसता तर ना रोमचा पास्ता रागावला असता, ना नागपूरच्या सावजी रश्शावर ती लाल तर्री आली असती. म्हणजे तिखटाच्या बाबतीत रोम आणि नागपूर दोघंही उसनवारीवरच!

शेवटी चीज. माणशी एक क्यूब, श्रीमंती असेल तर दोन. बाजारातलं प्रोसेस्ड चीज घ्या, उगाच नाक मुरडू नका. साधं चीज जोरात तापलं की त्यातली चरबी वेगळी सुटते आणि उरतं ते रबर. प्रोसेस्ड चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार असतात, ते प्रथिनांमधलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि चरबी-पाणी एकत्र नांदतात. जेम्स क्राफ्टने अमेरिकेत १९१६ साली प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं, त्याची फळं आपण हुडकेश्वरात खातोय. गॅस मंद करायचा, शिजलेला पास्ता मसाल्यात टाकायचा, किसलेलं चीज भुरभुरायचं, आणि ते राखून ठेवलेलं दोन पळ्या पाणी ओतायचं. त्या पाण्यात पास्त्याचा स्टार्च असतो. त्यामुळे तेल, टमाटा आणि चीज मिळून येतात, गुळगुळीत रस्सा होतो आणि नळीला लपेटून बसतो. हे पाणी फेकलं तर चीज एकीकडे, तेल दुसरीकडे, आणि पास्ता मधे, हॉलमध्ये कॉपी पकडलेल्या मुलासारखा एकटा.

कांदा चिरण्यापासून ताटापर्यंत पाऊण तास. त्यातला अर्धा वेळ पाणी उकळायची वाट बघण्यात.

तर त्या रविवारी आमचा पास्ता झाला, बरा झाला. आमच्यातला एक जण, त्याला मी इथे 'भिवापूरकर' म्हणतो (नाव छापलेलं त्याला आवडणार नाही, बाकी लेख त्याला दाखवलाय), तो तीनदा वाढून घेऊन म्हणाला, "आजी, रविवारी रात्री एवढं जेवल्यावर झोप कशी यील बे मले?" सगळे हसले. आजी नाही हसली. तिने विचारलं, "रविवारी काय करतं मंग तू?" तो म्हणाला, "सात वाजता झोपून जातो आजी. झोपलं की भूक नाही लागत." अगदी सहज म्हणाला, बसचं टाइमटेबल सांगावं तसं.

होस्टेलवर तो 'सात वाजता झोपणारा' म्हणून प्रसिद्धच होता. रविवारच्या झोपेचं कारण त्या दिवशी कळलं.

त्याचं गाव भिवापूरजवळ. आमच्या बाजूच्या उमरेड रोडनेच सरळ गेलं की उमरेड लागतं, पुढे भिवापूर. आधी तिकडे नागपूर–नागभीडची नॅरोगेज जायची, २०१९ मध्ये ती ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. लहानपणी त्या छोट्या गाडीने नागपूरला आल्याचं तो अजून सांगतो. वडिलांची थोडी कोरडवाहू शेती, त्यात थोडी मिरची. भिवापूरची मिरची म्हणजे ऐरीगैरी नव्हे, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, नागपुरी संत्र्यासारखं. रंगाला गडद लाल, चवीला जहाल. पण मानांकन मिळालं म्हणून घरात पैसा आला असं होत नाही. त्याची आई हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर जाते. सातरा म्हणजे वाळलेल्या मिरच्यांचे ढीग घालून बाया दिवसभर देठ खुडत बसतात ती जागा. मजुरी वजनावर.

पुढच्या रविवारी मी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. तिघं आले, भिवापूरकर नाही आला. "असाइनमेंट आहे." त्याच्या पुढच्या रविवारी, "पोट बरं नाही." कारण उघड होतं. बाकीचे येताना चीज आणायचे, कोल्ड्रिंक आणायचे. आपल्याकडे याला 'कॉन्ट्री' म्हणतात. कॉन्ट्री ही फार समाजवादी गोष्ट आहे असा आपला समज असतो, सगळ्यांनी सारखं द्यायचं, सगळ्यांनी सारखं खायचं. पण पन्नास रुपये सगळ्यांचे सारखे नसतात. ज्याच्यासाठी ते मोठे असतात तो वाद घालत नाही, भांडत नाही. तो हळूच म्हणतो, "तुम्ही जा बे, मला भूक नाही." आणि "तू नको देऊस, आम्ही भरतो," असं म्हटलं तर तो पुन्हा कधीच येत नाही.

मार्ग काढला तो आजीने. आम्ही ताटं घेत होतो तेव्हा तिने विचारलं, "काहून रे, तो लांबट्या पोट्टा नाही आला?" मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. ती म्हणाली, "त्याले म्हणा, म्या काही फुकट खाऊ घालून नाही रायली. घरून मिरची आण म्हणा. या बाजारच्या तिखटाले रंगच रायते, चव नाही रायत. मिरची आणशील तं ये, नाहीतं नको येऊ म्हणा."

निरोप मी जसाच्या तसा पोचवला. "नाहीतं नको येऊ" सकट. तो जोरात हसला.

दिवाळीनंतर तो गावाहून परत आला तेव्हा एसटीतून दिघोरी नाक्यावरच उतरला आणि होस्टेलला न जाता थेट आमच्याकडे आला. हातात कापडी पिशवी. आजीने मिरची घेतली, मोडली, हुंगली आणि शिंकली. हे प्रमाणपत्र होतं! त्या दिवसापासून आमच्या कृतीत एक बदल झाला तो कायमचा: तिखटाच्या डब्याऐवजी सहा सुक्या मिरच्या (आजी बारा म्हणते, तिचं ऐकू नका) गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवायच्या, लसणासोबत खलबत्त्यात ठेचायच्या आणि तो गोळा मंद आचेवर तेलात परतायचा. आच मोठी झाली की मिरची करपून कडू होते आणि घरातले सगळे खोकत अंगणात जातात.

मिरची ठेचल्यावर माझ्या हाताची आग आग झाली. मी नळाखाली हात धरून उभा. भिवापूरकर म्हणाला, "पाण्याने नाही जात ते. तेल लाव." आणि तेलाची वाटी पुढे केली. मी म्हटलं, तुला केमिस्ट्री कधीपासून यायला लागली? तो म्हणाला, "मायी माय रोज रात्री लावते. सातऱ्यावरून आली की आधी तेल, मंग साबण. तरी झोप नाही लागत तिले. हात पदराखाली घेऊन बसून रायते."

पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत आपण सगळ्यांनी लिहिलंय की समानात समान विरघळतं. मिरचीचं तिखट म्हणजे कॅप्सेसिन, ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेल-चरबीत विरघळतं. म्हणूनच तिखट पास्त्यावर चीज लागतं. चरबी कॅप्सेसिन ओढून घेते, दुधातलं केसीन त्याला जिभेवरून सोडवतं. आणि म्हणूनच तिखट लागल्यावर पाणी पिणारा माणूस आणखी नाचतो. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने तिखटपणा मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्याने पातळ करत जायचा, जिभेला तिखट लागेनासं होईपर्यंत. आमच्या मित्राच्या आईला यातलं काही माहीत नाही. तिला तेलाची वाटी माहीत आहे. मला वाटतं तिचं ज्ञान पाठांतराचं नाही, रोजच्या प्रॅक्टिकलचं आहे, आणि त्याचे मार्क कुणी देत नाही.

त्यानंतर आमच्या रविवारची कॉन्ट्री बदलली. पैसे कुणीच काढायचे नाहीत, ज्याच्याकडे जे आहे ते आणायचं. वरुडवाला संत्री आणतो (पास्त्यात घालत नाही, नंतर खातो). एक जण लसूण सोलतो. चंद्रपूरवाल्याच्या घरून काहीच येत नाही, तो भांडी घासतो, आणि चीज चिकटलेलं पातेलं घासणं हे सगळ्यात मोठं योगदान आहे हे मी शपथेवर सांगतो. पास्त्याचा पुडा आमच्या घरचा, आणि मिरची भिवापूरची. तिच्याशिवाय आजी गॅस पेटवू देत नाही. भिवापूरकर आता हक्काने येतो, उशीर झाला तर आजीवरच ओरडतो, "माझ्या मिरच्या माझ्या आधी काहून भिजवल्या?"

आता थोडं गंभीर बोलतो, कारण हे मासिक वॉर्डन सर आणि रेक्टर मॅडमसुद्धा वाचतात.

आमच्या घरी पाच जण मावतात. होस्टेलवर रविवारी रात्री 'भूक नाही' म्हणणारे किती, याची यादी कुणाकडे नाही, कारण ते तक्रार करत नाहीत. त्यांना मदतफंड नको आहे, फॉर्म भरायला तर ते मुळीच येणार नाहीत. म्हणून एक साधी सूचना. खोल्यांमध्ये हीटर-इंडक्शन चालवायला बंदी आहे, ती असावीच. एका एक्स्टेंशन बोर्डवर चार चार्जर आणि हीटर लावलेला मी पाहिलाय, घाबरूनच बाहेर आलो. पण मेसची भट्टी रविवारी संध्याकाळी थंड पडलेली असते. ती दोन तासांसाठी उघडावी. एक मजला, एक रविवार. स्टाफपैकी एक जण हजर राहील. पंचवीस जणांना अडीच किलो पास्ता, वीस-पंचवीस लिटर पाणी, तीन-चार किलो टमाटे, पंचवीस-तीस चीज क्यूब. चीज परवडत नसेल तर त्याच भट्टीवर वरणफळं करा, तोही आपला पास्ताच आहे, फक्त डाळीत शिजतो. नियम एकच: पैशाची कॉन्ट्री नाही. ज्याला जे आणता येईल ते त्याने आणावं, ज्याला काहीच आणता येत नाही त्याने पळी फिरवावी. पळी फिरवणाऱ्याला कुणी पाहुणा म्हणत नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या विंगमध्ये रविवारी सात वाजता कुणाच्या खोलीचा दिवा बंद असतो, एवढं बघा. त्याला "चल, मी भरतो" म्हणू नका. त्याला काम सांगा. कांदा चिर म्हणा, लसूण सोल म्हणा, घरून काय आणतोस ते विचारा. आणि तो आला की पास्त्याचं पाणी फेकू नका रे पोट्टे हो, दोन पळ्या आधी काढून ठेवा!